गुणाकाराच्या आधी आणि नंतर : लहान मुलांच्या डोसविषयी

परिचर्येच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात औषधाची मात्रा काढण्याचे सूत्र एका ओळीत मावते. हव्या असलेल्या मात्रेला हाताशी असलेल्या मात्रेने भागायचे आणि ती मात्रा जितक्या मिलिलिटरमध्ये आहे त्या संख्येने गुणायचे. हे गणित प्राथमिक शाळेतले आहे आणि परीक्षेत बहुतेक विद्यार्थिनी ते बरोबर सोडवतात. तरीही बालरोग विभागातील औषधांच्या चुकांचा विचार करताना डोसची चूक नेहमीच चिंतेच्या यादीत वर असते. अनेक वर्षे मुलांच्या वॉर्डात काम केल्यावर आणि नव्या परिचारिकांना हे गणित शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे, की धोका गुणाकार-भागाकारात फारसा नसतो. तो सूत्रात घातलेल्या आकड्यांमध्ये असतो आणि सूत्रातून बाहेर आलेल्या आकड्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो यात असतो. म्हणून हा लेख सूत्राविषयी कमी आणि त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या गोष्टींविषयी अधिक आहे.

मुलांचा डोस प्रौढांच्या डोसवरून काढण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. यंगच्या नियमात मुलाच्या वयाला वय अधिक बारा या संख्येने भागून आलेला अपूर्णांक प्रौढ मात्रेला लावत. चार वर्षांच्या मुलाला त्यानुसार प्रौढ मात्रेचा चौथा हिस्सा मिळे. फ्राइडच्या नियमात तान्ह्या बाळाचे महिने भागिले दीडशे, तर क्लार्कच्या नियमात पौंडांतले वजन भागिले दीडशे असा हिशेब होता. हे नियम आजही काही प्रश्नपत्रिकांत भेटतात, परंतु खाटेजवळ त्यांना स्थान उरलेले नाही. चार वर्षांची दोन मुले, एक कुपोषित अकरा किलोचे आणि दुसरे वीस किलोचे, यंगच्या नियमाने एकाच मात्रेला पात्र ठरतात, एवढे एकच उदाहरण त्या नियमाची मर्यादा दाखवायला पुरेसे आहे.

प्रति किलो मात्रेचा हिशेब याहून पुष्कळ चांगला असला, तरी तोही वयापासून सुटलेला नाही. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या वजनात पाण्याचा वाटा सुमारे ७५ टक्के असतो आणि प्रौढ माणसात तो ६० टक्क्यांच्या आसपास येतो. जेंटामायसिन या प्रतिजैविकासारखे पाण्यात विरघळणारे औषध या बाळाच्या शरीरात अधिक पसरते, म्हणून एका वेळची प्रति किलो मात्रा फार कमी ठेवून चालत नाही; पण मूत्रपिंडे अजून मंद असल्यामुळे ते बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून दोन डोसांमधले अंतर वाढवावे लागते. याउलट दम्यावरील थिओफिलिनसारखी काही औषधे एक ते नऊ वर्षांची मुले प्रौढांपेक्षाही वेगाने निकालात काढतात. यकृताच्या अपरिपक्वतेचा सर्वांत कठोर धडा क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाने दिला. नवजात बाळाचे यकृत हे औषध पुरेशा वेगाने निष्क्रिय करू शकत नाही, ते रक्तात साठत जाते, पोट फुगते, रक्तदाब कोसळतो आणि त्वचा राखाडी दिसू लागते. १९५९ मध्ये या प्रकाराचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि तो ‘ग्रे बेबी सिंड्रोम’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यामुळे संदर्भपुस्तकात डोस पाहताना केवळ औषधाच्या नावासमोरचा पहिला आकडा उचलू नये. बाळ किती दिवसांचे आहे आणि ते गर्भावस्थेच्या कितव्या आठवड्यात जन्मले आहे, हे माहीत असल्याशिवाय नवजात कक्षात कोणताही प्रति किलो आकडा अर्धवटच असतो.

आता वजन. संपूर्ण हिशेबाचा पाया हाच आकडा आहे आणि माझ्या पाहण्यात सर्वांत निष्काळजीपणे लिहिला जाणाराही हाच. वजन किलोमध्येच मोजावे आणि किलोमध्येच लिहावे. एक किलो म्हणजे सुमारे २.२ पौंड असल्याने पौंडांतला आकडा चुकून किलोच्या रकान्यात गेला, तर त्यानंतरचा प्रत्येक डोस दुपटीहून अधिक होतो, आणि पुढची प्रत्येक व्यक्ती तोच आकडा विश्वासाने वापरत राहते. संगणकीय प्रणालीही तो तितक्याच निष्ठेने वापरते. तान्ह्या बाळाचे वजन कपडे आणि लंगोट काढून, काटा शून्यावर आणून घ्यावे. आईने सांगितलेले वजन, मागच्या वेळच्या केसपेपरवरचे वजन आणि आज काट्यावर दिसलेले वजन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांपैकी कोणती लिहिली आहे हे त्या आकड्याशेजारी दिसले पाहिजे. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते, म्हणून ते पुन्हा जन्मवजनावर येईपर्यंत डोससाठी जन्मवजन धरण्याची रीत अनेक नवजात कक्षांत आहे. जी रीत असेल ती सर्व पाळ्यांमध्ये एकच असावी, एवढा आग्रह मात्र धरावा.

काटा वापरता येणार नाही इतके मूल अत्यवस्थ असते तेव्हा अंदाजाला पर्याय नसतो. डोक्यापासून टाचेपर्यंतची लांबी मोजून वजनाचा अंदाज देणारी रंगीत ब्रोस्लो पट्टी त्यासाठीच आहे. वयात चार मिळवून दुप्पट करण्याचे जुने सूत्रही एक ते दहा वर्षांच्या मुलांसाठी अनेकांना पाठ असते. त्यानुसार तीन वर्षांचे मूल चौदा किलोचे ठरते. हा अंदाज कृश मुलात जास्त आणि स्थूल मुलात कमी पडतो. म्हणून ‘अंदाजे’ हा शब्द वजनासमोर लिहून ठेवावा आणि मूल सावरताच त्याला काट्यावर घ्यावे. अतिदक्षता विभागात प्रत्येक मुलाच्या खाटेशी त्याच्या वजनानुसार आधीच काढून ठेवलेला आपत्कालीन औषधांचा तक्ता असावा, असे मला ठामपणे वाटते. हृदय थांबलेल्या दहा किलोच्या मुलाला अ‍ॅड्रेनलिन ०.१ मिलिग्रॅम लागते. एकास दहा हजार (दर मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम) या द्रावणातून ते एक मिलिलिटर होते आणि एकास हजार (दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम) या अँप्युलमधून ०.१ मिलिलिटर. त्या क्षणी हा फरक डोक्यात मोजत बसण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

स्थूल मुलांच्या बाबतीत आणखी एक खबरदारी आहे. प्रति किलो गुणाकार करत गेल्यास साठ-सत्तर किलोच्या किशोराची मात्रा प्रौढांच्या कमाल मात्रेपुढे सहज निघून जाते. जवळजवळ प्रत्येक औषधाला एका डोसची आणि दिवसाची अशी वरची मर्यादा असते आणि गुणाकार कितीही अचूक असला तरी ती ओलांडायची नसते.

एक साधे उदाहरण घेऊ. मुलाचे वजन १२.५ किलो आहे आणि तापासाठी तोंडाने पॅरासिटामॉल प्रति किलो १५ मिलिग्रॅम द्यायचे आहे. मात्रा १८७.५ मिलिग्रॅम येते. हाताशी असलेले सिरप ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असेल तर ७.८ मिलिलिटर लागेल. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असेल तर ३.७५ मिलिलिटर पुरेल; आणि दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असलेले थेंबांचे औषध असेल तर जेमतेम १.९ मिलिलिटर. मूल तेच, औषध तेच, ताप तोच, आणि आकारमाने तीन. म्हणूनच ‘पॅरासिटामॉल पाच मिलिलिटर’ अशी ऑर्डर मी अपुरी मानते. तीत मिलिग्रॅम लिहिलेले नसतील तर ते लिहून घ्यावेत आणि बाटलीवरची तीव्रता प्रत्येक वेळी वाचावी, कारण कालची बाटली आणि आजची बाटली एकाच तीव्रतेची असेल याची हमी कोणीच देत नाही.

याच उदाहरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी सवय दाखवता येते. कागदावर काही मांडण्याआधी उत्तराचा ढोबळ अंदाज मनात करावा. बारा किलोला दहाने गुणले की १२०, त्याचे निम्मे ६० मिळवले की १८०, म्हणजे मात्रा १८० च्या जरा वर असणार. सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२० आहेत, म्हणजे साधारण दीडपट, साडेसात मिलिलिटरच्या आसपास. आता यंत्रावर ७.८ आले तर ठीक. ०.७८ किंवा ७८ आले तर बोट कुठेतरी चुकले हे लगेच कळते. ज्या मुली थेट कॅल्क्युलेटर उघडतात त्यांचे गणित सहसा बरोबरच येते, परंतु ज्या दिवशी ते चुकते त्या दिवशी त्यांना सावध करणारे मनात काहीच नसते. माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांना मी पहिले काही आठवडे आधी अंदाज बोलून दाखवायला लावते. त्यांना ते कंटाळवाणे वाटते हे मला ठाऊक आहे.

पॅरासिटामॉलच्या दिवसभराच्या बेरजेकडेही पाहावे लागते. अनेक ठिकाणी दिवसाला प्रति किलो ६० मिलिग्रॅम ही मर्यादा पाळतात. या मुलासाठी ती ७५० मिलिग्रॅम होते, म्हणजे १८७.५ चे बरोबर चार डोस. दर चार तासांनी देता येते असे समजून कोणी सहा डोस दिले, किंवा सर्दीच्या मिश्र औषधातले आणि गुदद्वारातून दिलेल्या सपोझिटरीतले पॅरासिटामॉल मोजलेच नाही, तर प्रत्येक डोस निर्दोष असूनही दिवस चुकतो.

प्रतिदिन आणि प्रतिडोस यांची गल्लत हा याचाच पुढचा प्रकार. चौदा किलोच्या मुलाला अमॉक्सिसिलिन दिवसाला प्रति किलो ४५ मिलिग्रॅम, दोन भागांत, असे लिहिले असेल तर दिवसाची मात्रा ६३० आणि एका वेळची ३१५ मिलिग्रॅम होते. ‘दोन भागांत’ हे शब्द वाचताना निसटले तर ६३० मिलिग्रॅम दोनदा जाते. अमॉक्सिसिलिनने पोट बिघडण्यावर निभावते, पण हीच गल्लत जेंटामायसिनच्या बाबतीत झाली तर मूत्रपिंडे आणि श्रवणशक्ती यांच्याशी गाठ असते. लोहाच्या औषधात आणखी एक पेच असतो. मात्रा मूलद्रव्य लोहात, म्हणजे औषधातल्या प्रत्यक्ष लोहाच्या वजनात, सांगितलेली असते आणि लेबलवर कधी क्षाराचे वजन ठळक छापलेले असते. फेरस सल्फेटमध्ये मूलद्रव्य लोह सुमारे २० टक्के असते आणि फेरस फ्यूमरेटमध्ये सुमारे ३३ टक्के. तेव्हा दोन्हींच्या मिलिग्रॅमना एकच किंमत देता येत नाही.

दशांशचिन्हाविषयी मी वर्गात इतके बोलते की ते चेष्टेचा विषय झाले आहे. एकाहून लहान संख्येच्या आधी शून्य लिहावे आणि पूर्ण संख्येच्या नंतर दशांशचिन्ह आणि शून्य लिहू नये, हा नियम साऱ्यांना पाठ असतो. अर्धा मिलिग्रॅम शून्याविना लिहिला की तो पाच वाचला जातो आणि पाचच्या पुढे टिंब-शून्य लावले की पन्नास. परंतु हा नियम मुलांच्या वॉर्डात इतका जिवावरचा का ठरतो, हे फारसे सांगितले जात नाही. प्रौढ रुग्णाला दसपट डोस द्यायचा तर दहा अँप्युल फोडाव्या लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या अँप्युलपाशी हात आपोआप थबकतो. लहान मुलात तसे होत नाही. एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम मॉर्फिन असलेली अँप्युल घ्या. दहा किलोच्या मुलाला शिरेतून प्रति किलो ०.१ मिलिग्रॅम द्यायचे तर १ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१ मिलिलिटर लागते. त्याची दसपट म्हणजे एक अख्खी अँप्युल. ती सिरिंजमध्ये भरताना काहीही विचित्र दिसत नाही. उलट सिरिंजच्या टोकाशी दिसणारे ०.१ मिलिलिटरच नवख्या नजरेला संशयास्पद वाटते.

हृदयावरील डिगॉक्सिन या औषधाचेही तेच. मुलांच्या द्रवरूप डिगॉक्सिनमध्ये दर मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम असतात. चार किलोच्या बाळाला दिवसाला प्रति किलो १० मायक्रोग्रॅम दोन भागांत द्यायचे असेल तर एका वेळी २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.४ मिलिलिटर येते. कोणी ते चार मिलिलिटर वाचले, तर तोंडाने द्यायच्या औषधासाठी चार मिलिलिटर हा अगदी ओळखीचा आकडा आहे, आणि तो प्राणघातक ठरू शकतो. म्हणून मायक्रोग्रॅम हा शब्द पूर्ण लिहावा आणि युनिटच्या जागी इंग्रजी U हे आद्याक्षर वापरू नये, कारण घाईत लिहिलेले ते अक्षर शून्यासारखे दिसते.

तीव्रतेच्या गोंधळाचे सर्वांत दुःखद उदाहरण अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील आहे. २००६ मध्ये तेथील एका रुग्णालयात नवजात बाळांच्या शिरेतील नळ्या वाहत्या ठेवण्यासाठी दर मिलिलिटरला १० युनिट असलेल्या, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनऐवजी १०,००० युनिटच्या व्हायल वापरल्या गेल्या आणि तीन बाळे दगावली. या घटनेत गणित चुकलेच नव्हते. चुकीच्या व्हायल कपाटात पोचल्या होत्या आणि लेबल दिसायला मिळतेजुळते होते. आपल्या सूत्रातला ‘हाताशी असलेली मात्रा’ हा भाग कपाटातल्या ठरावीक कप्प्यावर विसंबून भरायचा नसतो, हे यावरून स्पष्ट होते.

अत्यल्प आकारमानाचे औषध मोजण्याचा प्रश्न वेगळा आहे. ०.१ मिलिलिटर मोजायला एक मिलिलिटरची सिरिंज लागते, आणि तरीही सुई व सिरिंजच्या टोकात अडकून राहणारा अंश मात्रेच्या मानाने दखल घेण्याजोगा असतो. विभागाच्या नियमांत बसत असेल तेथे औषध विरल करावे. वरची मॉर्फिनची एक मिलिलिटर अँप्युल नऊ मिलिलिटर सलाइनमध्ये मिसळली की दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅम होते आणि आपला डोस सुटसुटीत एक मिलिलिटर होतो. अर्थात अशा सिरिंजवर औषधाचे नाव, नवी तीव्रता, वेळ आणि सही असलेले लेबल त्याच क्षणी लागले पाहिजे. लेबल नसलेली सिरिंज हातातून खाली ठेवली की ती टाकून द्यायची.

भुकटीच्या व्हायलमध्ये भुकटीचे स्वतःचे आकारमान असते, ही गोष्ट प्रौढांच्या वॉर्डातून आलेल्यांना नवी वाटते, कारण तिकडे बहुधा पूर्ण व्हायल दिली जाते. समजा २५० मिलिग्रॅम औषधाची भुकटी ०.२ मिलिलिटर जागा व्यापते. तिच्यात ५ मिलिलिटर पाणी घातले तर द्रावण ५.२ मिलिलिटर होते आणि त्यातले २ मिलिलिटर दिल्यास १०० ऐवजी ९६ मिलिग्रॅम जातात. ४.८ मिलिलिटर घातले तर हिशेब चोख बसतो. हा आकडा उत्पादकानुसार बदलतो, म्हणून तो सोबतच्या माहितीपत्रकातच पाहावा.

औषध विरल करायला वापरलेले पाणी, आणि नंतर नळी धुवायला दिलेले फ्लश, हे बाळाच्या दिवसभराच्या द्रवात मोजावे. हॉलिडे आणि सेगर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार पहिल्या दहा किलोंना प्रति किलो १०० मिलिलिटर, पुढच्या दहांना ५० आणि त्यापुढे २० असा दिवसाचा द्रव धरतात. चौदा किलोच्या मुलाला त्यानुसार १२०० मिलिलिटर, म्हणजे तासाला ५० येतात. त्याचे तासाचे सोपे रूप असलेल्या चार-दोन-एक नियमाने (पहिल्या दहा किलोंना तासाला प्रति किलो ४, पुढच्या दहांना २ आणि त्यापुढे १ मिलिलिटर) मात्र ४८ येतात, कारण त्यात अपूर्णांक सोडून दिलेले आहेत. विद्यार्थिनी यावरून वाद घालतात. या मुलाला तो फरक जाणवणारही नाही, पण दीड किलोच्या बाळाला दिवसात सहा औषधे प्रत्येकी दोन मिलिलिटर फ्लशसह दिली तर बारा मिलिलिटर, म्हणजे प्रति किलो आठ मिलिलिटर, केवळ नळी धुण्यात जातात.

मात्रेइतकाच तिचा वेगही हिशेबाचा भाग आहे. झटक्यांवरचे फेनिटॉइन मिनिटाला प्रति किलो १ मिलिग्रॅमहून वेगाने देऊ नये, म्हणून प्रति किलो २० मिलिग्रॅमच्या पहिल्या मोठ्या डोसला निदान वीस मिनिटे लागतात, आणि ते डेक्स्ट्रोजमध्ये नव्हे, सलाइनमध्येच द्यायचे असते. व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाला किमान एक तास. पोटॅशियम क्लोराइड विरल केल्याशिवाय कधीच नाही आणि सिरिंजने ढकलून तर मुळीच नाही.

दुसऱ्या परिचारिकेकडून तपासून घेण्याच्या पद्धतीबद्दल माझे मत काहीसे कडवट आहे. ‘जरा बघ गं, ०.४ बरोबर आहे ना?’ असे विचारून घेतलेली सही ही तपासणी नव्हे. उत्तर आधीच सांगितल्यावर ऐकणाऱ्याचे मन तेच उत्तर शोधते. दुसरीने ऑर्डर, वजन आणि लेबल स्वतः पाहून, पहिलीचा कागद न पाहता हिशेब करावा आणि मग दोन्ही उत्तरे जुळवावीत. प्रत्येक औषधासाठी हे शक्य नसते. हेपॅरिन, इन्सुलिन, डिगॉक्सिन, मॉर्फिन, पोटॅशियम, कर्करोगावरील औषधे आणि नवजात कक्षातली शिरेतून द्यायची औषधे यांना मात्र सूट नसावी. नुसत्या सहीची तपासणी अजिबात तपासणी नसण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यामुळे पहिली निर्धास्त होते आणि दुसरी विसंबून राहते.

हिशेब जुळला नाही तर औषध थांबवून डॉक्टरांना विचारायचे असते, आणि येथे अनेकींचा धीर खचतो. ‘सर, हा डोस जास्त वाटतोय’ यापेक्षा आकड्यांत बोललेले लवकर पोचते: बाळाचे आजचे वजन इतके, लिहिलेली मात्रा इतकी, ती प्रति किलो इतकी होते, आपल्या संदर्भपुस्तकात कमाल इतकी दिली आहे, मी डोस थांबवून ठेवला आहे, कृपया पाहून सांगा. कधी कधी डॉक्टरांनी जाणूनबुजून जास्त मात्रा लिहिलेली असते, उदाहरणार्थ मेंदूज्वरात. तसे असेल तर त्याचे कारण चार्टवर लिहून घ्यावे, म्हणजे पुढच्या पाळीतल्या सिस्टरला तोच फोन पुन्हा करावा लागत नाही.

घरी जाताना हा सारा हिशेब आई-वडिलांच्या हाती सोपवला जातो. घरातल्या चमच्यांची मापे सारखी नसतात. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१५ मध्ये मुलांची द्रव औषधे केवळ मिलिलिटरमध्ये लिहावीत आणि मोजावीत अशी शिफारस केली. तोंडाने औषध द्यायची सिरिंज द्यावी, तिच्यावर नेमक्या रेघेपाशी खूण करावी आणि पालकांना एकदा आपल्यासमोर औषध ओढून दाखवायला सांगावे. कोरड्या सिरपच्या बाटलीत पाणी खुणेपर्यंतच घालायचे आणि प्रत्येक वेळी बाटली हलवायची, हेही त्यांच्याकडून करवून घ्यावे, कारण तळाशी बसलेले औषध पहिल्या दिवशी कमी आणि शेवटच्या दिवशी जास्त जाते. आणि उरलेली बाटली सहा महिन्यांनी पुन्हा उघडायची नाही, हे स्पष्ट सांगावे. तोपर्यंत औषध मुदतीबाहेर गेलेले असते, मुलाचे वजन बदललेले असते आणि आपण केलेली खूण त्याच्या जुन्या वजनाची असते.